संरक्षण खर्चाच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

‘देशाच्या बजेटमधला निम्मा पैसा सैन्यावर जातो आणि तो सगळा परदेशी शस्त्रं घेण्यात संपतो’ असा मेसेज फिरतोय. मंगळवारी मीही तो न तपासता ग्रुपवर टाकला होता. चूक माझी, म्हणून हे लिहितोय.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रं काढून पाहिली. संरक्षणासाठी तरतूद 6.81 लाख कोटी, एकूण खर्च 50.65 लाख कोटी. म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. व्याज फेडायलाच याच्या जवळजवळ दुप्पट, 12.76 लाख कोटी लागतात.

आणि हा पैसा मुख्यतः माणसांवर जातो. निवृत्तिवेतन 1.61 लाख कोटी, पगार-भत्ते वेगळे. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. विमानं, जहाजं, तोफा अशा भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटी. त्यातल्या आधुनिकीकरणाच्या रकमेपैकी 75 टक्के देशी उत्पादकांसाठी राखीव.

खर्च वाढला की शिक्षण-आरोग्याच्या वाट्याला कमी येण्याची भीती खरी आहे, त्यावर जरूर बोलू. पण खऱ्या आकड्यांवर. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.