सिनेमा करताय? आधी ड्रोन बुक करा

स्वतःच्या पैशाने सिनेमा करायचाय ना? मग आधी ती बजेटची एक्सेल शीट बंद करा, उगाच मन खचतं. पहिलं काम म्हणजे ड्रोन बुक करणं. कोकणातला सिनेमा म्हटल्यावर वरनं समुद्र दिसलाच पाहिजे, माडाची बनं, एक होडी आणि मागे बासरी. कथेचं नंतर बघू.

होडीवरून आठवलं, पैसे वाचवायची आमची एक नामी युक्ती आहे, फुकट सांगतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळ्या होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, भाड्याला कोण विचारत नाही. आम्ही बरोब्बर त्याच दोन महिन्यांत शूटिंग लावलं. होडी जवळपास फुकट पडली. आता बंदी नेमकी पावसातच का असते हा प्रश्न आमच्यात कुणाला पडला नाही ते सोडा, पण २५ दिवसांचं शेड्यूल आणि त्यातले ११ दिवस अख्खं युनिट देवगडजवळच्या एका पडवीत पत्ते कुटत बसलं होतं. कॅमेऱ्याचं भाडं चालू, जनरेटरचं चालू, माणसांचा भत्ता चालू, जेवण तर दोन्ही वेळचं चालू. आणि बंदीत मासे असतात सोन्याच्या भावात, त्यात आमच्या हिरोला सुकट चालत नाही. शहाणी माणसं बजेटच्या दहा टक्के रक्कम अडीअडचणीला बाजूला ठेवतात, आम्हीपण ठेवलेली. ती पापलेटात गेली.

जनावरं मात्र बिनधास्त घ्या. आमच्या एका शॉटमध्ये बैल आपणहून आला, आणि असा काही थांबून बघितलान कॅमेऱ्याकडे की काढवेना. जनावर पडद्यावर दिसलं तर पशू कल्याण मंडळाचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते काम शूटिंगच्या आधी अर्ज करून करायचं असतं, हे आम्ही सेन्सॉर सर्टिफिकेटसाठी अर्ज भरताना वाचलं. बैलाचा शॉट कापला. सिनेमातला सगळ्यात बरा अभिनय गेला. आजोबांच्या हातातली विडी राहिली, म्हणून मग सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूच्या सूचना लावल्या, लोकांना त्या आवडल्या.

आता मार्केटिंग. शीटमध्ये त्याच्यापुढे आम्ही एक डॅश मारलेला. कारण चांगला सिनेमा आपोआप चालतो, माऊथ पब्लिसिटी होते, फक्त ते माऊथ असलेला माणूस आधी थेटरात शिरावा लागतो, आणि त्यालाही खर्च आहे म्हणे. बरं, नुसतं थेटर मिळून भागत नाही, डिजिटल प्रोजेक्शनवाल्यांची स्क्रीनमागे फी असते, ती आपणच भरायची. तिकिटाच्या पैशातल्या वाट्याचं गणित पण सोपं आहे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले दोनेक महिने भांडले आणि शेवटी ठरलं की टॅक्स वजा जाता पहिल्या आठवड्यात आपले ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. तुम्ही फक्त पहिला आकडा पाठ करा. बाकीच्यांची आपल्याला गरज पडत नाही.

पैसे कोणाकडून घ्यायचे? इथे एक चूक अजिबात करू नका. १९७६ च्या 'मंथन'ला गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले, आणि मग तीच माणसं ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेली. म्हणजे निर्मातेच तिकीट काढणार! असला घोळ नको. आम्ही अख्खे पैसे मेव्हण्याकडून घेतले, त्याच्या आंब्याच्या कलमांच्या जिवावर. एक निर्माता, एक तिकीट, हिशोब साफ. तेही त्याने पास मागितला.

आणि त्या दशावतारवाल्यांचं तर बिलकुल ऐकू नका. ती मंडळी काय करतात, तर जिथे जत्रा, जिथे माणसं आधीच जमलेली, तिथे पेटारा घेऊन जातात, रंग लावतात आणि रात्रभर खेळ करतात. चाकरमान्यांची मंडळं तर मुंबईत हॉल घेतात आणि वाडीतल्या वाडीत, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत तिकिटं खपवतात. छे, गावठी कारभार. आपण रील टाकायची. आमची ड्रोनवाली रील धो धो चालली, शेकड्यांनी कमेंट, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, लोकेशन कुठलं, होमस्टे आहे का. त्या मे महिन्यात आमच्या वाडीतले होमस्टे फुल्ल होते. सिनेमा आमचा होता हे त्यातल्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

मग पोस्टर. परदेशातल्या फेस्टिव्हलांना डॉलरमध्ये एंट्री फी भरून जी पानांची चिन्हं मिळतात ती आम्ही तीन-तीन लावली, नाव दिसेना इतकी. वाडीतल्या तात्यांनी चष्मा वर करून बघितलं नि म्हणाले, "ही कडीपत्त्याची पाना कित्याक लायलंस?" मग विचारलं, "पिच्चर खंय लागलो रे झिला?" म्हटलं तात्या, मुंबईत, सकाळी साडेनऊचा एकच शो आहे. "म्हणजे आमका बघूक नाय तर." आता ह्यांना काय सांगणार की सिनेमा कोकणातला असला म्हणून कोकणातल्या लोकांसाठी थोडाच असतो.

असो. पुढच्याचं बजेट काढून झालंय. ह्यावेळी ड्रोन दोन घेतलेत, बैलाचा अर्ज आधीच भरलाय आणि पापलेटाला वेगळी ओळ केलीय. मार्केटिंगपुढे डॅशच आहे, पण जरा मोठा.