‘रसायनात बुडवलेली कोंबडी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कत्तलीनंतर कोंबडीचं मांस जंतू मारणाऱ्या द्रावणाने धुतात, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सूर कडक आहे, पण मुद्दे वरवरचे नाहीत. तुमचे आक्षेप तीन: कोंबडीचं मांस अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवतात, युरोपने हे विषारी म्हणून बंद केलं, आणि मुळात हा कत्तलखान्यातली घाण झाकण्याचा मार्ग आहे.

पहिला गैरसमज आधी दूर करतो. ही द्रव्यं अँटिबायोटिक नाहीत. अमेरिकेत पूर्वी क्लोरीन असायचं, आता मुख्यतः पेरअसेटिक आम्ल वापरतात. त्याचं विघटन होऊन शेवटी व्हिनेगरमधलं आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. त्याचा खरा त्रास खाणाऱ्याला नाही, तिथे राबणाऱ्या कामगारांना होतो. वाफेने डोळे झोंबतात, घसा चुरचुरतो. यावर लेखात मी एक ओळही लिहिली नव्हती, आणि ते मला आता खटकतं.

युरोपबद्दल अर्धं बरोबर आहे. 1997 पासून तिथे कोंबडीचं मांस साध्या पिण्यायोग्य पाण्यानेच धुता येतं. पण युरोपच्याच अन्नसुरक्षा संस्थेने 2005 मध्ये अशी चार द्रव्यं तपासली आणि ठरवलेल्या पद्धतीने वापरल्यास आरोग्याला धोका दिसत नाही, असं मत दिलं. तिथला खरा आग्रह वेगळा आहे. स्वच्छता पक्षी वाढवण्यापासूनच राखा, शेवटच्या धुण्यावर विसंबू नका, असा. म्हणजे तुमचाच तिसरा मुद्दा.

आणि तो मुद्दा भक्कम आहे. साल्मोनेला आणि कँपायलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू पिसं उपटल्यावर उघड्या पडणाऱ्या बारीक छिद्रांत, कातडीच्या घड्यांत दडून बसतात. तिथवर द्रावण नीट पोहोचत नाही. क्लोरीनची ताकद तर पाण्यात उतरलेल्या रक्त-चरबीवरच खर्ची पडते. नव्वद टक्के जंतू मेले हे ऐकायला मोठं वाटतं, पण दहा लाख असतील तर एक लाख उरतात. मी लेखात ‘निर्जंतुक’ लिहिलं होतं. तो शब्द चुकीचा होता, काढून टाकला आहे. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची: तपासणीच्या नमुन्यात द्रावणाचा अंश उतरला तर तो तिथेही जंतू मारत राहतो आणि मांस आहे त्यापेक्षा स्वच्छ भासतं. म्हणून 2016 मध्ये अमेरिकेच्या तपासणी यंत्रणेने हा अंश निष्प्रभ करणारं द्रव वापरायला सुरुवात केली.

तरीही हे धुणं निरुपयोगी आहे, हे मी मान्य करणार नाही. मांस थंड करण्याच्या टाकीत शेकडो पक्षी एकाच पाण्यातून जातात. एकाच्या अंगावरचे जंतू सुटून दुसऱ्याला चिकटतात. पाण्यात पुरेसं द्रव्य असेल तर हे मोकळे जंतू वाटेतच मरतात. त्याचं मोल इथे आहे, घाणेरडा पक्षी स्वच्छ करण्यात नाही. स्वीडनने 1953 च्या मोठ्या साथीनंतर 1961 पासून कळपातच साल्मोनेला शोधून रोखायला सुरुवात केली; आज तिथल्या कोंबड्यांत तो क्वचित सापडतो. मला निवडायचं असेल तर मी तोच रस्ता निवडेन. पण तो उभारायला वर्षं लागतात, आणि तोवर टाकीतलं पाणी नुसतं ठेवा असं मला म्हणवत नाही.

लेबलचं तुम्ही शेवटी विचारलंत. प्रक्रियेपुरती वापरलेली ही द्रव्यं अमेरिकेत सहसा पाकिटावर लिहावी लागत नाहीत. ती लिहिलीच पाहिजेत, ही तुमची मागणी मला पूर्ण पटते. लेखात तसा परिच्छेद जोडतो आहे.