पहिलं घर घेताय ना, मग बायपासलाच घ्या

पहिलं घर घ्यायचं ठरवलंय आणि तेही खान्देशात, तर आधी तुमचं अभिनंदन भो. पुण्यात ज्या पैशात नुसतं बुकिंग आणि सेल्समनचा चहा मिळतो तेवढ्यात इकडे भिंती पण मिळतात. पण तुमच्या डोक्यात एक खूळ शिरलंय असं ऐकलं, की म्हणे घर असं बघायचं जिथून दूध, भाजी, शाळा, दवाखाना, स्टेशन सगळीकडे पायी जाता यावं. हे कुठल्या व्हिडिओत बघितलं देव जाणे, पण आधी काढून टाका डोक्यातून. आपल्याकडे माणूस दोनच कारणांनी पायी चालतो, एक तर चैत्रात सप्तशृंगीला निघालेला असतो नाहीतर गाडी बंद पडलेली असते. दीडशे-दोनशे किलोमीटर उन्हातान्हात गडापर्यंत चालत जाणारा आपला माणूस घरी आला की कोपऱ्यावरच्या टपरीवर पुडी आणायला गाडीला किक मारतो. आणि तुम्ही हातात पिशवी घेऊन रस्त्याने चालत दिसलात की चार जण गाडी थांबवून विचारणार, काय भो, गाडी बिघडनी का? किती जणांना उत्तर देत बसाल.

तरी ऐकायचंच नसेल तर निदान कुठली गावं टाळायची तेवढं लिहून घ्या.

धुळ्याचं जुनं गाव सगळ्यात आधी टाळा. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज नावाचा इंग्रज कलेक्टर इथे खान्देशचं ठाणं मांडून बसला, आणि लोकांनी वस्तीला यावं म्हणून त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वरून बांधायला उचलही दिली. आता तुम्हीच सांगा, असा डेव्हलपर असतो का कुठे? ना रंगीत पत्रक, ना लकी ड्रॉ, ना बुकिंगवर चांदीचं नाणं. त्या गावाची आजची अवस्था बघा, गल्ल्यांना सरळ नंबर दिलेत, चार झाली की पाच, पाच झाली की सहा, म्हणजे नवखा पाहुणाही कुणाला न विचारता दारात उभा. कपडे, भांडी, सोनं, औषधं सगळं आग्रा रोडवर, पाचकंदीलला गेलं की भाजी, आणि हे सगळं पायी. इतकं जवळ असलं तर मग हप्त्याने घेतलेली बुलेट दाखवायची कुणाला?

अमळनेरचं तर नावच काढू नका. गावच एवढं आटोपशीर की चालायला निघालात की दमायच्या आत संपतं. साने गुरुजींनी इथे शाळेत शिकवलं, प्रताप कॉलेज आहे, तत्त्वज्ञान मंदिर आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन इथेच झालं, आणि १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी इथे निघाली तिचीच पुढे विप्रो झाली. जे आप्पा तेव्हाचे शेअर पेटीत ठेवून विसरून गेले त्यांच्या घरची माणसं आज कोट्याधीश आहेत, आणि त्यातले काही अजून सकाळी पायीच भाजी घ्यायला जातात. मी म्हणतो मग उपयोग काय त्या पैशाचा.

भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव ही रेल्वेची गावं पण आपल्या कामाची नाहीत. इथली निम्मी नोकरदार मंडळी वर्षानुवर्षं अपडाऊन करतात. सकाळी स्टेशनवर चालत जायचं, महिन्याचा पास खिशात, डब्यात ठरलेल्या जागेवर ठरलेले चौघं, पत्ते नाहीतर राजकारण, आणि जळगावला उतरून परत चालत ऑफिस. ही काय जिंदगी झाली? महिन्याला पासाचा जेवढा खर्च तेवढ्याचं पेट्रोल आपण शनिवार-रविवारी उगाच फिरून जाळतो. शिवाय स्टेशनजवळ घर म्हणजे रात्रभर गाड्यांचे भोंगे. भुसावळच्या माणसाला विचारा, तो म्हणेल कसले भोंगे, त्याला ऐकूच येत नाहीत, पण तो तिथला आहे, तुम्ही नाजूक.

जळगाव मात्र घ्यायला हरकत नाही, तिथे पायी चालायच्या सवयीवर चांगला इलाज झालाय. मोठा हायवे सरळ शहराच्या पोटातून काढलेला, आधी त्याला सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न म्हणतात, नंबर वाढला पण पलीकडे जाणाऱ्याची छाती तेवढीच धडधडते. या कडेला राहणाऱ्याची शाळा त्या कडेला, आणि मधे केळीचे ट्रक. समांतर रस्ते द्या म्हणून लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली ते जळगावकरच सांगतील. शिवाजीनगरचा जुना रेल्वे पूल पाडला तेव्हा पलीकडच्या लोकांना समजलं की गावात राहणं आणि गावाच्या जवळ राहणं यात फरक असतो. आणि महापालिकेची इमारत १७ मजली. वर लिफ्टने पटकन पोचता, खालचा रस्ता ओलांडायला मात्र वेळ हातात ठेवून निघावं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. घर घ्यायचं ते बायपासच्या पल्याड, जिथे काल कापूस होता आणि आज रंगीत झेंडे आहेत. नावात ग्रीन, व्हॅली किंवा हिल्स असलं पाहिजे, जमीन तव्यासारखी सपाट असली तरी चालेल आणि झाड एकही नसलं तरी. कमान मोठी हवी. कमान आधी, रस्ता मग, गटार सगळ्यात शेवटी, हा क्रम लेआऊटवाल्यांनी कधी मोडलेला मी तरी बघितला नाही. जाहिरातीत 'बस स्टँडपासून फक्त १० मिनिटं' असं असतं, ते खोटं नसतं हो, पहाटे चार वाजता, मोकळा रस्ता, चारचाकी आणि ड्रायव्हर त्यांचा असेल तर दहाच मिनिटं लागतात.

प्लॉट बघायला डिसेंबरात संध्याकाळी जा, त्यांच्याच गाडीतून. हवा गार, लांब सातपुड्याची रेघ, हातात उसाचा रस नाहीतर हुरडा, बायको खुश, तुम्ही टोकन देऊन मोकळे. जुलैत मुळीच जाऊ नका. आपली काळी माती पावसात काय करते हे शेतकऱ्याला माहित असतं, पण लेआऊटवर गेल्यावर आपण सगळे शहरी होतो ना. चप्पल तिथेच राहते आणि पाय तेवढा घरी येतो. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि त्यावर पाया नीट खोल घेतला नसेल तर भिंतीलाही भेगा जातात, पण त्याचं काय, वरून पुट्टी मारता येते.

कागदपत्र मागून समोरच्याला दुखवू नका. बिनशेती आदेश कुठे आहे, नकाशा मंजूर आहे का, रेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाचा सरकारी नोंदणी नंबर काय, असले प्रश्न म्हणजे पाहुण्याच्या घरी जाऊन त्याची बँकेची पासबुकं मागणं झालं. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि घरं आठाहून जास्त असतील तर महारेराला नोंदणी करावी लागते आणि फ्लॅटचा भाव कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर सांगावा लागतो, हे सगळं नेटवर फुकट बघता येतं, पण तुम्ही बघायचं नाही, कारण साहेब ओळखीचे आहेत आणि त्यांनी 'माझ्या भावाला दिल्यासारखा' प्लॉट दिलाय. आणि समजा प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला निघाला तरी घाबरायचं कारण नाही. सरकारने २००१ ला अशी बांधकामं नियमित करायचा कायदा केला, मग २०२१ ला त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची घेतली. म्हणजे वीस वर्षांनी एकदा माफी मिळते. तुमचं कर्जही वीस वर्षांचंच आहे, कसं जुळून आलं बघा.

पैशाचं सांगायचं तर तिकडचं घर स्वस्त पडतं यात वादच नाही, फक्त वही काढून बसू नका. कुणी आगाऊ मेव्हणा म्हणेल की २५ लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्याने वीस वर्षांला घेतलं तर हप्ता साधारण २१,७०० येतो, आणि गावापासून लांब गेलात तर घरात गाड्या दोन लागणार, दोन्ही मिळून रोज एक लिटर पेट्रोल म्हणजे महिन्याला तीन हजारावर, दुसऱ्या स्कुटीचा हप्ता आणि सर्व्हिसिंग धरून आणखी तेवढेच, एक गाडी फिटते तोवर दुसरी जुनी होते म्हणजे हा खर्च संपत नाहीच, आणि त्याच सहा हजारात त्याच दराने आणखी जवळपास सात लाखाचं कर्ज फिटलं असतं, म्हणजे गावातलं सात लाखाने महाग घर आणि लांबचं स्वस्त घर महिन्याच्या शेवटी सारखंच. असल्या मेव्हण्याला वास्तुशांतीला बोलवू नका. पेट्रोलच्या पैशातून घर मिळालं असतं हे समजणं फार मनाला लागतं.

घर बायकोच्या नावावर करायचं का, हाही विचार करून ठेवा. स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते खरी. पण मालकीण झाली की ती विचारणार, किराणा कुठे मिळतो, पोराच्या शाळेची रिक्षा इथपर्यंत येते का, मला रात्री आठला क्लासवरून एकटीला परत यायला लाईट आहे का. हे प्रश्न पुरुषांना पडत नाहीत, आपण कमानीची उंची बघतो. रजिस्ट्रेशन फी तशीही १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार, नाव कुणाचंही असो, तेव्हा तिला आधी सगळा परिसर एकदा पायी फिरवून आणायची चूक तेवढी करू नका.

म्हाताऱ्यांचं मी बोलणार नव्हतो, पण बोलतो. गावातल्या घराला ओटा असतो, नाना सकाळी ओट्यावर बसले की येणारा जाणारा बोलतो, दहा पावलांवर न्हावी, वीस पावलांवर मारुती, दाजी येऊन पेपर वाचून दाखवतात. तुम्ही त्यांना उचलून कॉलनीत आणता, स्वतंत्र खोली देता, एसी लावता, आणि मग म्हणता नाना हल्ली फार चिडचिड करतात. ओपन स्पेसवर मंदिर होईपर्यंत त्यांनी धीर धरावा. ओपन स्पेस म्हणजे काय असतं ते ठाऊक आहे ना, मोठ्या लेआऊटमध्ये १० टक्के जागा बागेसाठी मोकळी ठेवावी लागते, त्यावर आधी मुरूम पडतो, मग मांडव, मग कुणाची तरी बोलेरो.

एक मात्र मस्करी बाजूला ठेवून सांगतो, गावातलं जुनं घर घेणं सोपं नाही, आणि लोक हौसेने बायपासला पळत नाहीत. गल्लीतलं धाब्याचं घर, सागवानी खांब, मे महिन्यात आत गेलं की पंखा लागत नाही, सगळं छान, पण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सात नावं, त्यातली दोन वारलेली, एक बहीण सही द्यायला तयार नाही आणि एक भाऊ सुरतला उधन्याला, तो दिवाळीलाच येतो. बँकेचा वकील सर्च रिपोर्ट बघून मान हलवतो. ३० लाखापर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे द्यायला बँकेला मुभा आहे, पण मालक कोण हे तरी ठरायला पाहिजे ना. नगरपालिकांनी असल्या वारस नोंदींची शिबिरं जरी गल्लीगल्लीत लावली तरी निम्मी पडीक घरं बाजारात येतील आणि गावाबाहेर कापसाच्या वावरात कमानी कमी उगवतील असं माझं मत आहे. मत आहे म्हणून सांगितलं. आपण बायपासला चाललोय.

ऊन, फुटपाथ, पाणी हे किरकोळ विषय. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर गेला की चालायचं कोण म्हणेल, आणि सावलीचे लिंब रस्ता रुंद करताना आधीच गेलेत, तेव्हा त्याची चिंता मिटली. फुटपाथ म्हणजे गटारीवरचे ढापे, त्यातला प्रत्येक पाचवा ढापा हललेला, त्यामुळे चालताना मोबाईल बघायची वाईट सवय सुटते. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं हे शेजाऱ्याला विचारू नका, तो 'येतं ना' म्हणेल आणि कुठला वार ते सांगणार नाही. हद्दीबाहेर तर नळच नसतो, तिथे बोअर असतं, आणि ते आटलं की टँकरवाला घरचाच माणूस होतो.

राहिली वास्तुशांती. ती थाटात करा. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या ठेवा, वांगी बामणोदची आणा, लोक कुठेही येतात मग. पत्रिकेत पत्ता छापायच्या भानगडीत पडू नका, लोकेशन पाठवा, आणि एका पुतण्याला हायवेवर उभा करा, तो हात दाखवेल. रिक्षावाला येताना दुप्पट भाडं मागेल कारण परत रिकामं जावं लागतं, ते पाहुण्यांच्या आधी तुम्हीच देऊन टाका. फक्त जेवणं सहाच्या आत आटपा. खांब उभे आहेत, दिवे मंजूर झालेत, पुढच्या महिन्यात बसतील असं साहेबांनी सांगितलंय.