प्रथमग्रासे मक्षिकापात

मासा पुल्लिंगी आणि माशी स्त्रीलिंगी, तेव्हा माशी ही माशाची बायको असणार, असा लहानपणी माझा समज होता. त्या दोघांचा खरा संबंध किती जिवावरचा असतो, हे कळायला मात्र पन्नाशी उजाडावी लागली.

गळाने ट्राउट मासे धरायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे, या नादी माझा एक मित्र लागलेला आहे. त्याने मला शिष्य करून घेतलं आणि पहिल्याच दिवशी एक डबी उघडली. आत पिसं, केस, रेशीम गळावर गुंडाळून केलेल्या शे-दीडशे खोट्या माशा. म्हणाला, "१६ नंबरची घे." चांगली टपोरी असेल म्हणून मी खूश. पण गळांच्या राज्यात नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी ती माशी दोऱ्याला बांधण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

ओढ्यावर त्या दिवशी मेफ्लाय उडत होते. हा कीटक पाण्याखाली महिनोन्‌महिने काढतो, मग पंख फुटून वर येतो आणि एखाद-दोन दिवसांत मरतो. पंख फुटल्यावर खाणं बंद. तोंड असतं ते नावापुरतं. लग्न लावायचं आणि जग सोडायचं. जेवायला येतो तो ट्राउट. त्याला फसवायचं तर जी माशी उडतेय तिच्याच मापाची, तिच्याच रंगाची आपली माशी हवी. मक्षिकास्थाने मक्षिका! शाळेत याच कौशल्याबद्दल मला उत्तरपत्रिकेवर लाल शेरा मिळाला होता.

आता फेकणं. साध्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढत नेतं. इथे माशीला वजनच नाही, वजन दोरीला. दोरी फेकायची, माशी तिच्या मागून फुकटात जाते. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे आणि मला आयुष्यात थांबता आलेलं नाही. पहिल्या फेकीत झुडूप लागलं, दुसरीत टोपी, तिसरीत माझा उजवा कान. गुरूने गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट केला होता. "मासा सोडताना जखम कमी होते," म्हणाला. कानाचीही झाली. गळ अलगद निघाला.

दुपारपर्यंत ट्राउट मला अक्षरशः पाण्यात पाहत होते. प्रवाहातून जेवण वाहत येतं, म्हणून त्यांचं तोंड तिकडे. आपण खालच्या अंगाने, वाकून, पाऊल न वाजवता जायचं. माझ्या गुडघ्यांना यातलं फक्त वाकणं जमलं, परत सरळ होणं नाही. एकच आशा होती. गुरूकडे थर्मामीटर होता आणि पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की तो काठी गुंडाळतो; कोमट पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सोडला तरी तग धरत नाही. मी दर अर्ध्या तासाने तापमान विचारत होतो. त्याला वाटलं, शिष्य काय तळमळीचा आहे! पाणी १३ अंशांवरून हलेना.

शेवटी गुरू वळणाआड गेल्यावर मी पाप केलं. खिशातून गांडूळ काढलं. (तिथे बंदी नव्हती, पापाची तयारी मी घरूनच केली होती.) दोन मिनिटांत मासा लागला, आणि तिथेच माशी शिंकली. माशीचा खोटेपणा ट्राउटला तोंडातच कळतो, त्यामुळे गळ बहुधा ओठापाशी अडकतो. गांडूळ खरंखुरं असतं, ते तो सरळ गिळतो, गळासकट. गुरू परत आला, माशाच्या तोंडात डोकावला आणि एक शब्द न बोलता त्याने दोरा तोंडाजवळ कापला. खोल रुतलेला गळ ओढून काढण्यापेक्षा आत राहू दिला तर मासा जगण्याची शक्यता जास्त. मासा गेला. कसा गेला ते मी पाहिलं नाही. उरलेली गांडुळं मी काठावरच्या ओल्या मातीत सोडून दिली.

संध्याकाळी मात्र माझ्या माशीवर खरोखरच तोंड उघडलं. त्या ट्राउटच्या बाजूने पाहिलं तर हाच प्रथमग्रासे मक्षिकापात. आणि आत्तापर्यंत मौनात असलेल्या गुरूला कंठ फुटला.

"खेळवू नकोस, लवकर जवळ घे! आधी हात ओले कर! अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत आहे! कल्ल्यांना हात नको! आवळू नकोस! अरे, पाण्यातच ठेव त्याला!"

माझ्या एका हातात काठी, दुसऱ्यात रबरी जाळी, दातांत टोपी. पकडायला तिसरा हात लागतो, सोडायला चौथा.

"फोटो?" मी टोपीतून विचारलं.

"उचलताना तू श्वास रोखून धर. तुला दम लागला की त्यालाही लागला असं समज."

मी श्वास रोखला. माझी फुप्फुसं जिन्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंतची. मी मासा उचलायच्या आधीच गुदमरलो, आणि फोटोत फक्त माझा जांभळा चेहरा आला. गळ ओठातून काढला, ट्राउटला पाण्यातच तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार दिला. कल्ले उघडमीट करू लागले. शेपटीने एक फटका माझ्या चष्म्यावर दिला आणि स्वारी निघाली.

निघाली ती दोन फुटांवर. माझ्या डाव्या बुटामागे पाणी जरा संथ होतं, तिथे येऊन विसावली.

"हलू नकोस," गुरू कुजबुजला. "दम खातोय तो."

"किती वेळ?"

"त्याचं त्याला ठरवू दे."

डावा बूट गळका होता. गुरू काठावर जाऊन बसला, थर्मास उघडला आणि मी विचारायच्या आत त्याने स्वतःहून सांगितलं, "पाणी अजून १३ अंशच आहे."