बरणी, गोळी आणि दहा किडे: ही प्रतिकारशक्तीची चाचणी नव्हे

धान्य व्यापारी आणि गोदामवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. त्याचं सार असं: धुरी देऊनही, म्हणजे साठ्यावर ताडपत्री झाकून विषारी वायू सोडूनही, किडे जिवंत सापडले तर त्यांच्यात त्या वायूविरुद्ध प्रतिकारशक्ती आली असं समजा. खात्री करायची तर बरणीत दहा किडे आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची एक गोळी टाकून झाकण लावा. सकाळी मेले असतील तर काळजी नाही, जिवंत असतील तर पुढच्या वेळी गोळ्या दुप्पट करा.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. बरणीचा सल्ला तर जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

“बरणीत एक गोळी टाका”

3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन, म्हणजे धुरीचा विषारी वायू, सुटतो. पाच लिटरच्या बरणीत तो पूर्ण सुटला तर प्रमाण होतं लिटरला 200 मिलिग्रॅम, म्हणजे आकारमानाने सुमारे 14 टक्के. हवेत 1.8 टक्क्यांच्या आसपास गेला की फॉस्फिन पेट घेऊ शकतो. माणसाच्या बाबतीत तर 50 पीपीएम, म्हणजे 0.005 टक्के, हीच तातडीने जिवावर बेतणारी पातळी मानतात. अशी बरणी कोणीही, कुठेही करू नये. या गोळ्यांच्या विक्रीवर आणि वापरावर सरकारी निर्बंध आहेत ते याच कारणाने.

बरं, एवढा धोका पत्करून कळतं काय? काहीच नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तांदळातल्या सोंड्याला आणि पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याला लिटरमागे 0.04 मिलिग्रॅम फॉस्फिन देतात, दाणे पोखरणाऱ्या रायझोपर्थाला 0.03. साधा किडा मरेल आणि प्रतिकारक किडा वाचेल, अशी ही नेमकी सीमारेषा आहे. बरणीतला डोस तिच्या पाच हजार पट. त्यात प्रतिकारक किडेही मरतात आणि तुम्ही निर्धास्त होता. उलट गोळी जुनी, फुटून गेलेली असेल किंवा हवा कोरडी असेल तर वायू पुरेसा सुटत नाही, साधे किडेही तग धरतात, आणि विनाकारण ओरड होते.

प्रयोगशाळेत गोळी डब्यात टाकत नाहीत. आधीच तयार करून शुद्धता मोजलेला वायू सुईच्या सिरिंजने हवाबंद काचपात्रात सोडतात. 5 लिटरच्या पात्रात 0.04 चा डोस म्हणजे एकूण 0.2 मिलिग्रॅम, 25 अंश सेल्सिअसला शुद्ध वायू जेमतेम 0.144 मिलिलिटर. वायू 86 टक्के शुद्ध असेल तर 0.167. इतक्या बारीक मापात चूक सहज होते. पात्रावर 5 लिटर लिहिलेलं असलं तरी आतली जागा वेगळी निघते, म्हणून पाणी भरून, वजन करून खरं आकारमान काढावं लागतं. झाकणाच्या कडेला ग्रीस कमी पडलं किंवा रबरी बूच सुयांनी चाळण झालं, की वायू निसटतो आणि साधा किडाही प्रतिकारक भासतो.

“सकाळी मेले का ते बघा”

चाचणीत किडे 25 अंश तापमानात, 70 टक्के आर्द्रतेत, खाद्याशिवाय 20 तास वायूत ठेवतात. पण मोजणी तेव्हा करत नाहीत. बाहेर काढून त्यांना खाद्यावर ठेवतात आणि 14 दिवसांनी मोजतात. फॉस्फिनने उताणा पडलेला किडा मेलेलाच असतो असं नाही, दोन-तीन दिवसांत तो उठून चालू लागतो. आणि पाय हलवणारा किडा आठवड्याने मरतो. पहिल्या सकाळचा आकडा दोन्हीकडून फसवतो.

काही मिनिटांत किडे उताणे पडतात का, हे पाहणारी जलद चाचणीही आहे. पण तिथेही वायूचं प्रमाण मोजलेलं असतं, आणि किती वेळात पडले हे घड्याळ लावून पाहतात.

“दहा किडे पुरेत”

दहाच्या दहा मेले तरी त्या साठ्यातले चौथा हिस्सा किडे प्रतिकारक असण्याची शक्यता झटकता येत नाही. शंभरच्या शंभर मेले तर हा संशयित हिस्सा सुमारे 3 टक्क्यांवर येतो. म्हणून प्रत्येक वेळी 50 प्रौढांचे दोन-तीन गट घेतात. शिवाय एक गट बिनवायूचा, आणि एक खात्रीने संवेदनशील, म्हणजे या डोसने मरणाऱ्या, वाणाचा. बिनवायूच्या गटातच 10 टक्क्यांहून जास्त मेले तर किडे आधीच अशक्त होते, ती चाचणी बाद. संवेदनशील वाणातला एखादा वाचला तर डोस कमी पडला, तीही बाद.

थप्पीतून उचललेले किडे लगेच वापरत नाहीत, कारण त्यांचं वय माहीत नसतं आणि अंगावर दुसऱ्या औषधाचा अंश असू शकतो. त्यांची एक पिढी वाढवतात. सोंडे आणि रायझोपर्था औषध न लागलेल्या गव्हावर, तांबडा भुंगेरा पिठात थोडं यीस्ट मिसळून. मग एक ते तीन आठवडे वयाचे प्रौढ निवडतात.

“धुरीनंतर जिवंत, म्हणजे प्रतिकारक”

कधी कधी हे खरंही असतं. पिठातल्या भुंगेऱ्यात आणि रायझोपर्थात भारतातही तीव्र प्रतिकारशक्ती नोंदली गेली आहे, आणि तिच्यासाठी लिटरमागे 0.25 मिलिग्रॅमची वेगळी, वरची चाचणी करतात. पण आधी आपली ताडपत्री तपासा. कोपऱ्यावर वाळूच्या पिशव्या एकमेकींवर चढवलेल्या आहेत का? घडीवर भोकं आहेत का? सात दिवसांची धुरी चौथ्या दिवशी उघडली का? अंडी आणि कोष प्रौढांपेक्षा वायू जास्त सोसतात. कमी दिवसांच्या धुरीत प्रौढ मरतात, आणि दाण्याच्या आतले कोष आठवड्याने भुंगेरे होऊन बाहेर येतात. शेजारच्या थप्पीतून, फरशीच्या भेगांतून नवे किडे यायलाही वेळ लागत नाही.

ताडपत्रीखाली वर, मध्ये आणि तळाशी बारीक नळ्या सोडून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि शेवटच्या दिवशी वायू मोजला, तर निम्म्या शंका तिथेच मिटतात. हे आकडे नसतील तर प्रतिकारशक्तीची गोष्ट काढूच नये.

“गोळ्या दुप्पट करा”

हिशेब करून बघा. समजा गळती अशी की रोज निम्मा वायू निघून जातो. 1000 पीपीएमने सुरुवात केली तर सातव्या दिवसाअखेर उरतात सुमारे 8. दुप्पट गोळ्यांनी 2000 केले तर उरतात 16. दुप्पट खर्चात हाती आला एक जादा दिवस. फॉस्फिनच्या बाबतीत प्रमाणापेक्षा वेळ जास्त महत्त्वाचा. प्रमाण फार वाढलं तर किडे गुंगीत जातात आणि त्यांच्या अंगात वायू उलट कमी शिरतो. प्रतिकारक किड्यांसाठी तर पुरेसा वायू जास्त दिवस टिकवणं हाच उपाय आहे. त्यामुळे पैसे गोळ्यांवर नको, ताडपत्रीवर आणि वायू मोजायच्या उपकरणावर घाला.

वायूचे आकडे शेवटपर्यंत चांगले आणि तरीही किडे जिवंत, असं झालं तर ते किडे मारून टाकू नका. वेगवेगळ्या थप्प्यांतून चाळून शक्यतो 200 प्रौढ गोळा करा, जाळीच्या झाकणाच्या डब्यात स्वच्छ गव्हासह ठेवा, उन्हात ठेवू नका. डब्यावर थप्पी क्रमांक, धान्य, धुरीची तारीख, गोळ्यांची संख्या, किती दिवस झाकलं आणि वायूचे आकडे लिहा. कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला किंवा हापूरच्या भारतीय धान्य साठवण व्यवस्थापन व संशोधन संस्थेला आधी फोन करून विचारा, आणि मगच डबा पाठवा.