डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसतेच

गाडीच्या ब्रेकवरच्या एका लेखात म्हटलंय की जास्त तापल्यामुळे ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी) वाकते आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. थरथर खरी, पण कारण बहुधा वेगळं असतं. तापलेल्या पॅडचं (ब्रेक मारला की डिस्कला दाबणाऱ्या पट्टीचं) मटेरियल डिस्कवर एकसारखं न बसता कुठे जाड, कुठे पातळ चिकटतं. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरकही पेडलवर जाणवू शकतो. जाड जागा जास्त घासते, अजून तापते. ६५०-७०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली की तिथलं बीड (डिस्कचं ओतीव लोखंड) कायमचं कडक होतं, मग डिस्क लेथवर फिरवून सपाट करून घेतली तरी काही दिवसांत थरथर परत.

माझं असंच झालं. सिंहगडावरून पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलो आणि खाली रविवारच्या गर्दीत ब्रेक दाबूनच उभा राहिलो. गरम डिस्कवर पॅडचा ठसा उमटला. आता घाटात दुसरा गिअर टाकतो (न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू) आणि सपाटीला आल्यावर न थांबता थोडी चालवतो, डिस्कला वारा लागतो.

दुसरी गोष्ट लेखात नाहीच. चाक बसवताना नट आवळायच्या गनने नट कमी-जास्त आवळले किंवा हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) पावसाळ्यातला गंज तसाच ठेवून नवी डिस्क चढवली, तर ती किंचित तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडी असमान होते. नवी डिस्क घ्याल तेव्हा मेकॅनिककडून हब ब्रशने साफ करून घ्या आणि नट टॉर्क पान्यानेच (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) आवळायला लावा.