गुणाजी घरी एकटा असतो

पुण्यात सदनिकेत राहणाऱ्या आणि नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबाने लॅब्राडोर पाळू नये, असे आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्या सर्वांच्या घरी लॅब्राडोर आहे. आमच्याकडचा पिवळट रंगाचा, दीड वर्षाचा. त्याचे गुणाजी हे नाव माझ्या आईने मोठ्या आशेने ठेवले. आम्ही घरात असलो की तो त्या नावाला इतका जागतो की आलेले पाहुणे त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना शिस्त शिकवतात. बाहेरून कुलूप लागल्यानंतरचा गुणाजी त्यांनी पाहिलेला नाही.

त्यामुळे सकाळी कामावर निघण्याआधी आमच्या घरात जी धांदल उडते, ती परचक्राची वार्ता लागल्यावर गाव गडावर हलवावे तशी असते. चपला कडी असलेल्या कपाटात जातात, उशा पलंगाच्या पेटीत, कचऱ्याची बादली गॅलरीत आणि गॅलरीच्या दाराला आतून खिटी. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक, मनुका मूत्रपिंडाला घातक आणि चॉकलेट तर हृदयालाच, असे डॉक्टरांनी बजावल्यापासून सिलिंडरशेजारची कांद्यांची परडी माळ्यावर गेली आहे आणि आमच्याकडे पोहे करायचे म्हटले की आधी स्टूल शोधावे लागते. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातही मनुका असतात, हे लक्षात आल्यावर शेजारून आलेला द्रोण कुठे ठेवावा यावर आमच्या घरात गंभीर चर्चा झालेली आहे.

एवढे करूनही स्वयंपाकघराची ट्रॉली तो उघडतोच. तिच्या दांडीला हात पुसायचा टॉवेल लटकवलेला असे. तो टॉवेल दातात धरून, मागचे पाय फरशीवर रोवून, बूड खाली टेकवत तो सावकाश मागे सरकतो, आणि ट्रॉली पुरेशी बाहेर आली की टॉवेल सोडून देतो. ओढून फाडत नाही, कारण उद्या त्याला तो पुन्हा लागणार असतो. टॉवेल काढून टाकल्यावर त्याने दांडीखाली नाक घालून तेच काम केले. दारांच्या मुठी गोल असत्या तर काही आशा होती; बिल्डरने मात्र खाली दाबायच्या मुठी बसवल्या आहेत, आणि मागच्या पायांवर उभे राहिलेल्या लॅब्राडोरला त्या अगदी बेताच्या उंचीवर येतात.

डॉक्टरांचे म्हणणे असे की, एकट्या कुत्र्याच्या उच्छादाचे दोन प्रकार असतात. मालक गेल्यानंतर लगेचच्या अर्ध्या तासात जो होतो तो बहुधा भीतीपोटी, आणि बऱ्याच वेळाने होतो तो बहुधा कंटाळ्यापोटी. पहिल्या प्रकारावर उपाय म्हणून किल्ल्यांच्या आवाजाची आणि बुटांची धास्ती मोडायची: बूट घालायचे आणि सोफ्यावर बसून राहायचे, किल्ल्या वाजवायच्या आणि वर्तमानपत्र वाचायचे, कुलूप लावून बाहेर जायचे आणि मिनिटभरात परत यायचे. मग दोन मिनिटे, मग पाच. मी हे सारे निष्ठेने केले. कुलूप लावावे, जिन्यापर्यंत जावे, घड्याळ पाहावे, परत येऊन कुलूप उघडावे, आणि पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हा प्रयोग जिन्यातून पाहिला. पहिल्या दिवशी त्यांनी "काय विसरलात?" असे सहज विचारले. पुढे त्या काही विचारीनाशा झाल्या, आणि एके दिवशी रात्री भिजवलेले बदाम वाटीत घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अहो, आमच्या ह्यांनाही असंच सुरू झालं होतं. लाजायचं काय त्यात?" मी ते बदाम त्यांच्यासमोर खाल्ले. गुणाजीने साल खाल्ली.

दोहोंपैकी नेमका कोणता प्रकार आहे हे पाहण्यासाठी घरात कॅमेरा बसवला, त्यातून इकडून बोलताही येते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मोबाइल पाहत असताना गुणाजी ओट्यावर पुढचे पाय टाकतो आहे असे दिसले, म्हणून मी ओरडलो, "उतर खाली! वर चढायला कोणी सांगितलं तुला?" शेजारचा पार्सलवाला मुलगा पुढच्या मजल्यावर निमूटपणे उतरून गेला. गुणाजीवर एवढाही परिणाम झाला नाही. आवाज टीव्हीशेजारून आल्याने तो मला टीव्हीमागे शोधू लागला आणि त्या शोधात टीव्हीच्या साऱ्या वायरी बाहेर काढल्या.

चित्रण पाहून जो निष्कर्ष निघाला तो आम्हा दोघांना काहीसा झोंबला. आम्ही गेल्यावर तो दाराशी एक सुस्कारा टाकतो, आणि लगोलग स्वयंपाकघराकडे वळतो. भीती नाही, कंटाळा नाही, विरह तर नाहीच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची हाव अधिक असते. हे मी मोठ्याने वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे हा खानदानी भुकेला."

रागवण्याचे सुखही संशोधकांनी ठेवले नाही. आपण परतल्यावर कान पाडून, नजर चुकवून कुत्रा जो अपराधी चेहरा करतो, तो गुन्ह्यामुळे नव्हे तर मालकाच्या रागामुळे, असे २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात आढळले. काहीही न केलेली कुत्रीही मालक रागावला की तसाच चेहरा करीत होती. कणकेने माखलेल्या मिशा घेऊन समोर बसलेल्या गुणाजीवर डोळे वटारताना हे आठवते आणि आवाजातला जोर जातो.

मग पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून, तो गोठवून देण्याचा उपाय केला. चाटून चाटून तासभर गुंतून राहील, अशी अपेक्षा होती. सोफ्यावर चढून ते खाली टाकले की भात लवकर सुटतो, हे त्याने दुसऱ्याच दिवशी हेरले. "सकाळी दहाला मसाला कोण कांडतं तुमच्याकडे?" असा काकूंचा फोन आला. सोसायट्यांना कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि भुंकणे ही कुत्र्याची स्वाभाविक अभिव्यक्ती आहे, असे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत म्हटले आहे. मसाला कांडण्याविषयी त्यांत काही नाही.

खरे काय ते काकूंना सांगितले तेव्हा त्यांनी ताबडतोब निकाल दिला, "त्याला दुपारपर्यंत माझ्याकडे सोडा." आता सकाळी किल्ल्या वाजल्या की गुणाजी आमच्याआधी दाराशी असतो आणि मागे वळूनही न पाहता जिना उतरतो. काकूंच्या घरी तो एकाही वस्तूला तोंड लावत नाही, कारण तूप-पोळी वेळच्या वेळी मिळते. वजन वाढल्याबद्दल डॉक्टरांची बोलणी मी खातो.

पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी काकू आठवडाभर सांगलीला जाणार आहेत. त्या आठवड्यात रजा कोणी घ्यायची यावरची आमची बोलणी कालच फिसकटली. बदामांचा डबा काकू माझ्या हवाली करून जाणार आहेत. गुणाजीच्या बाबतीतला तुमचा खुलासा ऐकला, पण सुरू केलेला उपाय मध्येच सोडू नये, असे त्यांचे मत आहे.